छप्पन्न लिटर पाण्यातले तांबे

ठाण्यातील आमच्या घरी समुद्री माशांची एक चार फुटी टाकी गेली सहा वर्षे आहे. तीत प्रवाळ आहेत, कोळंबी आहे, गोगलगायी आहेत आणि मोजके मासे आहेत. नवा मासा थेट तीत न सोडता काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा आणि रोग दिसलाच तर तिथेच तांब्याचे औषध द्यावे, ही गोष्ट मला वाचून पहिल्यापासून माहीत होती. ती प्रत्यक्षात नीट पार पाडायला मात्र मला दोन प्रयत्न लागले, आणि पहिल्या प्रयत्नात एक मासा माझ्या हातून गेला. दुसऱ्या वेळी कोणत्या दिवशी किती औषध घातले, कुठे थांबले आणि का थांबले, हे सगळे एका वहीत तारीखवार लिहिलेले आहे. त्या वहीवरून हे लिहीत आहे.

पहिला मासा फ्लेम एंजल होता, बोटभर लांबीचा, शेंदरी अंगावर काळे उभे पट्टे असलेला. आणल्यानंतर पाचव्या दिवशी त्याच्या परांवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. समुद्री माशांना होणाऱ्या या रोगाला शौकीन लोक नुसते इच म्हणतात. तो क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. माझ्याकडे तांब्याच्या औषधाची एक बाटली होती आणि तिच्यावर सूचना स्पष्ट होती: ४० लिटर पाण्याला १ मिली, त्याने ०.२५ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२५ मिलिग्रॅम, तांबे होईल. ४८ तास थांबून तेवढेच पुन्हा, म्हणजे ०.५ पीपीएम. माझी विलगीकरणाची टाकी दुकानात ‘७० लिटरची’ म्हणून घेतलेली होती. त्या हिशेबाने मी पावणेदोन मिली औषध घातले, आणि ठिपके वाढलेले पाहून धीर सुटल्याने ४८ तासांऐवजी दुसऱ्याच दिवशी उरलेले पावणेदोन मिली घातले. चाचणीसाठी माझ्याकडे थेंब टाकून रंग जुळवायचा संच होता. घरातील पिवळसर दिव्याखाली त्या तक्त्यावरच्या दोन लागोपाठच्या निळ्या छटांतला फरक मला कळत नव्हता, तरी मी ‘साधारण बरोबर आहे’ असे मानले. तिसऱ्या दिवशी सकाळी मासा तळाशी आडवा पडलेला होता.

नंतर शांतपणे हिशेब केला तेव्हा काय घडले ते उलगडले. ७० लिटर हे टाकीच्या बाहेरच्या मापाचे गणित होते. काचेची जाडी वजा करून आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची खरी उंची मोजली, तर पाणी ५६ लिटर भरत होते. त्या बाटलीतील औषधात दर मिलीला १० मिलिग्रॅम तांबे असते. साडेतीन मिली म्हणजे ३५ मिलिग्रॅम, आणि ते ५६ लिटरांत ०.६२ पीपीएमच्या वर जाते. त्यात दोन-तीन दिवसांत चारेक लिटर पाणी उडून गेले होते, आणि मीठ जसे पाण्याबरोबर उडत नाही तसेच तांबेही उडत नाही. उरलेल्या ५२ लिटरांत ते ०.६७ झाले होते. सेंट्रोपिगी प्रजातीतील छोटे एंजल मासे तांब्याला इतर माशांपेक्षा नाजूक असतात, हे मी मासा गेल्यानंतर वाचले. त्या माशाला रोगाने मारले की औषधाने, याबद्दल माझ्या मनात संशय उरलेला नाही.

या चुकीने मला लहानपणीच्या एका गोष्टीकडे परत नेले. आमचे घर श्रीवर्धनजवळचे, मागे सुपारीची वाडी. पावसाळ्याच्या तोंडावर सुपारीच्या घडांवर कोळेरोग येऊ नये म्हणून बाबा बोर्डो मिश्रण फवारतात. एक किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, आणि एक किलो चुना शंभर लिटर पाण्यात, हे त्याचे एक टक्क्याचे प्रमाण. मोरचूद एका प्लॅस्टिकच्या पिंपात विरघळवायचे, चुना दुसऱ्या पिंपात, आणि मग दोन्ही एकत्र करायचे. पण मिश्रण झाले म्हणजे फवारणी सुरू, असे बाबांनी कधी केले नाही. ते घासून लख्ख केलेल्या विळ्याचे पाते त्या निळ्या पाण्यात थोडा वेळ बुडवून बाहेर काढत आणि उन्हात धरून पाहत. पात्यावर तांबूस पुट चढले, की मोकळे तांबे शिल्लक आहे, पाने करपतील, चुन्याची निवळी अजून घाला. पाते जसेच्या तसे निघाले, तरच पंप खांद्यावर जाई. दोन्ही वस्तू तराजूत तोलून घेतलेल्या असत, तरी ते पाते बुडवत, कारण चुना कधी ओला असे, कधी जुना. बाबा तोललेल्या वजनावर विसंबत नसत. मी मात्र बाटलीवरच्या छापील आकड्यावर आणि दुकानातल्या लिटरांवर विसंबले होते.

यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी एक लहान ब्लू टँग आणि दोन क्लाउनफिश आणले. टँगची त्वचा इचला लवकर बळी पडते, त्यामुळे यावेळी टाकी मासे येण्यापूर्वीच तयार होती. तळ उघडा ठेवला होता. वाळू नाही, दगड नाही, प्रवाळाचा एक तुकडाही नाही, कारण चुनखडीयुक्त वस्तू तांबे शोषून घेतात आणि मग पाण्यात नेमके किती उरले याचा भरवसा राहत नाही. लपायला पीव्हीसी पाइपाचे तीन एल्बो, एक हीटर, दोन एअर स्टोन, आणि मोठ्या टाकीच्या संपमध्ये, म्हणजे खालच्या गाळणीच्या टाकीत, महिनाभर ठेवून जिवाणू मुरवलेला एक स्पंज फिल्टर, एवढेच आत होते. जाळी, सायफनची नळी, बादली, मग, सिरिंज या सगळ्यांना लाल चिकटपट्टी गुंडाळली. लाल पट्टीची वस्तू मोठ्या टाकीजवळ न्यायची नाही, हा घरातला नियम माझी सातवीतली मुलगी माझ्यापेक्षाही कडक पाळते. तांब्याचा अंशही कोळंबीला आणि प्रवाळाला मारतो. शिवाय परजीवी पाण्याच्या शिंतोड्यांतूनही जाऊ शकतात, म्हणून दोन टाक्या वेगवेगळ्या खोल्यांत आहेत.

पाण्याचे माप यावेळी सूत्राने नव्हे तर बादलीने घेतले. लिटरच्या खुणांची मोजपात्रे वापरून एक बादली बरोबर १० लिटरला खूण करून घेतली आणि पाच बादल्या व वर सहा लिटर मोजून ओतले. पाणी जिथे टेकले तिथे काचेवर बाहेरून पट्टी लावली. त्या पट्टीच्या वरच्या कडेला पाणी असेल तर ते ५६ लिटर आहे. पुढची सगळी गणिते या एका रेषेवर उभी होती.

चौथ्या दिवशी टँगच्या छातीच्या परावर तीन ठिपके दिसले आणि संध्याकाळपर्यंत ते सात झाले. वेल्व्हेट नावाचा दुसरा रोग, ज्याचा परजीवी अमिलूडिनियम आहे, तो अंगावर पीठ भुरभुरल्यासारखा बारीक दिसतो आणि मासा दोन-तीन दिवसांतच दगावू शकतो. हे ठिपके मोठे आणि सुटे होते, म्हणजे इचच. तांबे या दोन्ही परजीवींवर चालते. मात्र एक गोष्ट नीट समजून घेतल्याशिवाय औषधाला हात लावू नये, असे मला वाटते: माशाच्या अंगावर बसलेल्या ठिपक्यांना तांबे मारत नाही. परजीवी त्वचेखाली तीन ते सात दिवस पोसतो, मग गळून पडतो, टाकीच्या तळाशी कवच करून आत शेकड्याने विभागतो आणि काही दिवसांनी, कधी तीन-चार आठवड्यांनीही, त्यातून नवी पिल्ले पोहत बाहेर पडतात. नवा मासा शोधण्यासाठी त्यांच्याजवळ एक-दोन दिवसांचाच अवधी असतो. तांबे मारते ते या पोहणाऱ्या अवस्थेला. त्वचेखालच्या आणि कवचातल्या अवस्थांपर्यंत ते पोहोचत नाही. म्हणूनच औषध सुरू केल्यावर पहिले काही दिवस ठिपके वाढले तरी मात्रा वाढवण्याचे ते कारण नव्हे, आणि ठिपके गेले म्हणून औषध थांबवण्याचेही नव्हे. गेल्या वर्षी माझा धीर सुटला तो नेमका हे न कळल्यामुळे.

औषध यावेळी वेगळ्या जातीचे घेतले. तांब्याची औषधे सगळी सारखी नसतात, आणि त्यांचे आकडे एकमेकांच्या जागी वापरणे हा माशांच्या बाबतीतला फार मोठा धोका आहे. मोरचुदाच्या रूपातले मोकळे, म्हणजे आयनिक तांबे ०.१५ ते ०.२५ पीपीएमवर काम करते. गेल्या वर्षीचे अमाइनला बांधलेले तांबे ०.५ पीपीएमवर. कीलेटेड तांबे, ज्यात तांब्याच्या आयनाला मोठ्या सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले असते, ते त्याहून बरेच वर: माझ्या बाटलीवर १.५ ते २.० लिहिले होते आणि इचसाठी अनुभवी लोक ते २.० ते २.५ दरम्यान ठेवतात. धातू एकच, पण २.२५ हा आकडा पहिल्या दोन जातींना लावला तर मासे वाचणार नाहीत, आणि ०.५ हा आकडा कीलेटेडला लावला तर परजीवीला काहीच होणार नाही. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मी ठळक अक्षरांत ‘कीलेटेड, लक्ष्य २.२५’ असे लिहून ठेवले.

बाबांच्या पडवीत मोरचुदाचे पोते पडलेले असते, मग बाटली विकत का घ्यावी, असे माझ्या भावाने विचारले. शेतीचे मोरचूद शुद्ध असेलच असे नाही, हे एक कारण. दुसरे असे की समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.२ च्या आसपास असतो आणि अशा पाण्यात मोकळे तांबे कार्बोनेट होऊन खाली बसत राहते. आकडा रोज घसरतो, रोज भरावा लागतो आणि ०.१५ ते ०.२५ ही वाट फार अरुंद आहे. बाबा वाडीत फवारतात त्या मिश्रणात लिटरला सुमारे अडीच हजार मिलिग्रॅम तांबे असते, कारण मोरचुदाच्या वजनात पाव भाग तांबे असते. माझ्या टाकीत मला लिटरला सव्वादोन मिलिग्रॅम हवे होते. हजारपटीहून जास्त फरक असलेल्या ठिकाणी पोत्यातून चिमूट उचलण्याचे धाडस मी केले नाही.

मोजण्यासाठी हॅना कंपनीचा तांब्याचा डिजिटल चेकर घेतला, ० ते ५ पीपीएम मोजणारा. कीलेटेड तांबेही मोजणारी चाचणी आवश्यक असते; काही थेंबांचे संच फक्त मोकळे तांबे दाखवतात. या चेकरच्या छोट्या काचकुपीत १० मिली पाणी घ्यायचे, आधी शून्य करायचे, मग त्याच कुपीत पुडीतली पूड घालून हलवायचे आणि बटण दाबून धरायचे. पाऊण मिनिटानंतर आकडा येतो. तांबे असेल तर पाणी जांभळट झालेले असते. हे सोपे दिसते, पण पहिल्या तीन चाचण्यांत एकाच पाण्याचे मला १.८७, २.०४ आणि १.७९ असे आकडे आले. कारणे एकेक करून सापडली. कुपीवर बोटांचे ठसे होते. पुडीच्या कोपऱ्यात थोडी पूड अडकून राहत होती. एकदा काचेला आतून हवेचा बारीक बुडबुडा चिकटला होता. मग मी कुपी मऊ सुती कापडाने पुसून फक्त झाकणाला धरू लागले, पुडी तीन बाजूंनी कापून टिचकी मारून रिकामी करू लागले, आणि तेव्हापासून लागोपाठच्या चाचण्यांत ०.०४ पेक्षा जास्त फरक आला नाही.

त्यानंतर माझे विळ्याचे पाते. एका बादलीत टाकीत वापरतो तेच खारे पाणी बरोबर १० लिटर घेतले. औषध न घालता चेकर लावला: ०.००. मग ३.३ मिली औषध घालून, एअर स्टोन सोडून दोन तासांनी मोजले: १.९७. म्हणजे बाटलीतल्या एका मिलीत सुमारे ६ मिलिग्रॅम तांबे आहे आणि चेकर भलतेच काही दाखवत नाही, या दोन्ही गोष्टी मासा न गुंतवता कळल्या. ५६ लिटरांना २.२५ पीपीएम म्हणजे १२६ मिलिग्रॅम, म्हणजे २१ मिली. चेकरच्या माहितीपत्रकात त्याची चूक ०.०५ पीपीएम अधिक वाचनाच्या पाच टक्के इतकी असू शकते असे दिले आहे, २.२५ वर ती जेमतेम ०.१६ होते. खरा आकडा २.०९ असो की २.४१, दोन्ही टोके मला हव्या त्या पट्ट्यातच पडत होती, आणि २.२५ निवडण्यामागे हेच गणित होते. चाचणीचे बादलीभर पाणी झाकून ठेवले. पुढे पाणी बदलताना तेच कामी आले.

आता प्रश्न वेगाचा होता. तांबे माशाच्या कल्ल्यांवर काम करते, क्षार आणि पाणी यांचा तोल सांभाळणाऱ्या पेशींवर ताण आणते, आणि भूकही मंदावते. ही मात्रा एकदम न देता पाच ते सात दिवसांत चढवली तर माशांना जुळवून घ्यायला वेळ मिळतो. मी रोज संध्याकाळी सिरिंजने औषध मगभर टाकीच्याच पाण्यात मिसळून एअर स्टोनच्या बुडबुड्यांवर थोडे थोडे ओतत असे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळीकडे सारखे पसरल्यावर, मोजत असे. पहिल्या दिवशी ६ मिली, सकाळचे वाचन ०.६२. दुसऱ्या दिवशी ४ मिली, १.०५. तिसऱ्या दिवशी ४ मिली, १.४७.

त्या सकाळी टँगने नोरीच्या पट्टीला तोंड लावले नाही. आदल्या दिवसापर्यंत क्लिपला लावलेली सुकी शेवाळपट्टी तो फाडून खात होता. आज तो एल्बोच्या तोंडाशी उभा राहून जड श्वास घेत होता. मी घड्याळ लावून त्याच्या कल्ल्यांची उघडझाप मोजली. वहीत आधीच्या दिवसांत मिनिटाला नव्वदच्या आसपास नोंद होती. आता एकशे अठ्ठावीस भरली. अंगावरचे ठिपके वीसच्या पुढे गेले होते. मनाचा एक भाग म्हणत होता की रोग वाढतोय, मात्रा लवकर पूर्ण कर. दुसरा भाग गेल्या वर्षीच्या सकाळची आठवण देत होता. मी त्या संध्याकाळी औषध घातले नाही. फक्त दुसऱ्या एअर पंपाची हवा वाढवली, टाकीवरचा दिवा बंद ठेवला आणि माशांच्या विष्ठेतून पाण्यात येणारा विषारी अमोनिया तपासून तो शून्य असल्याची खात्री केली. क्लाउनफिश मात्र त्याही दिवशी गोठवलेले मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, नेहमीसारखे खात होते.

पाचव्या दिवशी सकाळी तांबे १.४६ होते, श्वास एकशे चारवर आला होता आणि टँगने नोरीचा एक तुकडा तोडला. संध्याकाळी ३ मिली घातले, सकाळी १.७८. सहाव्या दिवशी पुन्हा ३ मिली, २.१०. सातव्या दिवशी उरलेला १ मिली, आणि पुढच्या सकाळी मुलगी शाळेच्या गणवेशात चेकरसमोर बसून ओरडली, “आई, दोन पॉइंट बावीस!” वहीत त्या तारखेपुढे तिने ‘दिवस १’ असे लिहिले. उपचाराचे दिवस तिथून मोजायचे असतात; औषधाचा पहिला थेंब पडला त्या दिवसापासून नव्हे. मधल्या काळात आकडा कामाच्या पातळीखाली गेला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. चौदा दिवसांनी मासे दुसऱ्या, पूर्ण स्वच्छ आणि कोरड्या करून भरलेल्या टाकीत हलवता येत असतील तर तेवढ्यावर भागते, असे सांगितले जाते. माझ्याकडे तिसरी टाकी नव्हती, कवचे याच तळाशी असणार होती, म्हणून ३० दिवस.

पुढचे ३० दिवस बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असे दिसेल, आणि खरे काम याच दिवसांत असते. ठाण्याचा मे महिना, टाकी २७ अंशांवर ठेवण्यासाठी पाण्यावर पंखा सोडलेला, त्यामुळे रोज दीड लिटर पाणी उडत होते. एका दिवसात २.२५ चे २.३१ होते, दोन दिवसांत २.३८. रोज सकाळ-संध्याकाळ पट्टीच्या रेषेपर्यंत आरओचे गोडे पाणी भरायचे. मीठ नाही आणि तांबेही नाही, कारण दोन्ही टाकीतच आहेत. मोजणी नेहमी पाणी रेषेवर आणल्यानंतर करायची, आधी नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता १.०२४ राहिली की तांब्याचाही आकडा जागेवर असे, इतके ते एकमेकांना बांधलेले आहे.

पाणी बदलताना हिशेब उलटा असतो. उपचाराच्या दुसऱ्या दिवशी अमोनिया ०.५ पीपीएम आला. तांब्यामुळे फिल्टरमधल्या जिवाणूंचे काम मंदावते, हे त्यामागचे एक कारण असावे. आजारी माशांसमोर मी खाणे जरा सढळ हाताने टाकले होते, हे दुसरे. अमोनिया बांधून ठेवणारी जी द्रावणे बाजारात मिळतात ती मी मुद्दाम घरातही ठेवली नव्हती, कारण त्यांतली अनेक तांब्याचे रूप बदलून ते माशांना अधिक विषारी करू शकतात आणि तांब्याच्या औषधांचे काही उत्पादकच तसे बजावतात. उपाय एकच, पाणी बदलणे. १४ लिटर काढून १४ लिटर नुसते खारे पाणी घातले असते, तर २.२५ चे थेट १.६९ झाले असते आणि तिथेच दिवसांची मोजणी मोडली असती. म्हणून नवे पाणी आधी बादल्यांत तयार केले, त्याच क्षारतेचे, त्याच तापमानाचे आणि त्याच तांब्याचे: चाचणीच्या वेळचे १० लिटर आणि वर ४ लिटर, एकूण ३१.५ मिलिग्रॅम तांबे होईल इतके औषध पुरवून. बादलीला चेकर लावला, २.२३ आले, आणि मगच ते टाकीत ओतले. महिन्यात असे पाच वेळा केले. युव्ही दिवा असेल तर तो या काळात बंद ठेवावा लागतो, आणि फिल्टरमध्ये कोळसा तर अजिबात नको. माझ्याकडे त्या टाकीला दोन्ही नव्हते.

एकदा दुपारी तीन तास वीज गेली. बॅटरीवरचा एअर पंप आधीच भिंतीला टांगलेला होता, त्यामुळे ते तास निभावले. तांब्यातल्या माशांना हवा थोडी जास्तच लागते, म्हणून हा पंप मी औषधाइतकाच आवश्यक मानते.

बाराव्या दिवसापर्यंत टँगच्या अंगावर एकही ठिपका उरला नव्हता. विसाव्या दिवशी त्याची निळाई इतकी स्वच्छ दिसत होती आणि खाणे इतके सुरळीत होते, की रोजची चाचणी, रोजची रेषा, बादल्या हे सगळे मला जाचू लागले. त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला; ते वाडीत फवारणीसाठी माणूस मिळत नाही म्हणून वैतागलेले होते. बोलता बोलता मी म्हटले, “बाबा, मासा आता अगदी बरा दिसतोय. अजून दहा दिवस तांब्यात ठेवायचा जिवावर येतं.” ते थोडे थांबून म्हणाले, “अगं, पहिल्या फवारणीनंतर घडावर कोळे दिसत नाही, म्हणून चाळीस दिवसांनी दुसरी फवारणी सोडतो का आपण? तू मोजते आहेस ना रोज? मग मोजत राहा.” मी वही उघडून उरलेल्या दहा दिवसांच्या रिकाम्या ओळी आखून ठेवल्या.

तिसाव्या दिवशी वाचन २.२१ होते. पूर्ण महिन्यात सर्वांत कमी आकडा २.१४ आणि सर्वांत जास्त २.३३ आला. त्यानंतर तांबे काढण्यासाठी दर दोन दिवसांनी पाव टाकी पाणी बदलले, यावेळी साधे खारे, आणि फिल्टरला कोळशाची पिशवी जोडली. कीलेटेड तांबे सावकाश निघते; चेकरवर ०.०० यायला तेरा दिवस लागले. काढलेले पाणी न्हाणीघराच्या गटारात सोडले, कुंड्यांत किंवा इमारतीमागच्या नाल्यात नाही, कारण तो नाला खाडीला जातो आणि पाण्यातल्या जिवांना तांबे काय करते ते मी महिनाभर मोजत होते.

तांबे गेल्यावर आणखी दोन आठवडे मासे त्याच टाकीत ठेवून मी नुसती पाहत राहिले. तांबे इच आणि वेल्व्हेटवर चालते. कल्ल्यांतल्या चपट्या कृमींवर, जिवाणूंच्या जखमांवर किंवा क्लाउनफिशना होणाऱ्या ब्रुकलिनेलावर त्याचा उपयोग नाही, तेव्हा त्यांची लक्षणे दिसतात का हे औषधाचा पडदा दूर झाल्यावरच कळते. तसे काही दिसले नाही.

जूनअखेर पाऊस धरलेला असताना तिघांना मोठ्या टाकीत सोडले. टँग प्रवाळामागे गेला आणि संध्याकाळपर्यंत दिसला नाही. रात्री दिवा मालवायच्या आधी तो बाहेर येऊन काचेला लावलेली नोरी फाडू लागला. विलगीकरणाची टाकी धुऊन बाल्कनीत उपडी घातली. एल्बो, नळ्या, मग आणि सिरिंज स्वच्छ करून, वाळवून, एका खोक्यात भरले. सिरिंजवरची पट्टी खाऱ्या पाण्याने सुटली होती, तिथे मुलीने नवी लाल पट्टी गुंडाळली, आणि खोक्याच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवला: ५६ लिटर, १ मिलीत ६ मिलिग्रॅम, नवी बाटली आणली तर आधी बादलीत तपासणे.